मामा तलावात कयाक: पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार-जमीनदारांच्या काळातले तलाव आहेत. वरच्या अंगाला पाणी, मग पाळ (मातीचा बांध), पाळीखाली धानाच्या बांध्या आणि बाजूला गाव, अशी त्यांची साधारण मांडणी. नागपूर-पुण्याहून सुटीत घरी येणारी पोरं आता गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी, बांधून या तलावांवर उतरताना दिसतात. हौस चांगली आहे. फक्त उतरल्या उतरल्या सगळ्यांची होडी तलावाच्या मधोमध जाते, आणि चुकतं ते तिथंच. ज्या माशासाठी आपण आलो तो मधे नसतो, आणि होडी उलटली तर पाय टेकायलाही तिथं काही नसतं. कमळाची पानं, देवधान, पाण्यात उभं असलेलं बेशरम, बुडालेली खोडं हे सगळं कडेला असतं. मरळ तिथंच असते, आणि तिथं पाणी कमरेएवढंच असतं. कयाक ही कडेकडेनं फिरायची वस्तू आहे, एवढं मनात धरलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

पाण्याच्या आधी माणसं

सामान घ्यायच्या आधी तलाव कोणाचा ते विचारा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तेव्हा हे तलाव सरकारकडे गेले. म्हणून लोक त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. आज बहुतेक तलावांतली मासेमारी ठेक्यानं गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते, आणि संस्थेत प्रामुख्यानं ढीवर समाजाची माणसं. पावसाळ्यात तलावात बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडतात ती त्यांच्या पैशानं. तुमच्या गळाला लागणारा रोहू हा कोणीतरी पेरलेला रोहू आहे. गडचिरोलीकडे पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत लहान तलावांबद्दल ग्रामसभेचा शब्द चालतो, तिथं ग्रामसभेला विचारावं.

विचारायचं म्हणजे अर्ज-बिर्ज नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी गावात जा, संस्थेच्या अध्यक्षांना किंवा पाळीवर जाळं विणत बसलेल्या काकांना भेटा, आणि एक गळ टाकणार, मरळ लागली तर तीच ठेवणार, रोहू-कतला लागला तर सोडून देणार किंवा वजन करून पैसे देणार, असं सरळ सांगा. काही ठिकाणी दिवसाचे पैसे घेतात, ते द्या. काही ठिकाणी नाही म्हणतात, तेव्हा दुसरा तलाव शोधा. त्याच बैठकीत जाळी कुठं लावलीत, शिंगाडा कोणत्या कोपऱ्यात लावलाय, खोडं कुठं आहेत, गेटमधून पाणी सुटतंय का, हेही विचारून घ्या. मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर खर्च करण्यापेक्षा या अर्ध्या तासात जास्त कळतं.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्याचा विचारच सोडा. पेंचमधला तोतलाडोह असो की ताडोबाचा तलाव, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथं लागू आहे आणि मासेमारी हा गुन्हा ठरतो. ताडोबाच्या तलावात मगरीही आहेत, म्हणजे तिथला दुसरा पहारा आणखी कडक.

होडी आणि सामान

पहिली कयाक वर बसायची घ्या, आत पाय घालून बसायची नको. वर बसायच्या कयाकला तळापर्यंत आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं, आणि उलटली तरी ती भरून बुडत नाही. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० इंचांच्या वर. अरुंद होडी वेगानं जाते, पण आपल्याला शर्यत लावायची नाही. वजन २५ ते ३५ किलोच्या घरात असतं, तेव्हा पाळीवरून उतरवायला दुसरा माणूस हवा. एकटं जायचं नाही याला हेही एक कारण. होडी रुंद असली की वल्हंही लांब लागतं, २३० ते २५० सेंटिमीटरचं. आखूड वल्ह्यानं हाताची बोटं सारखी होडीच्या कडेवर आपटतात.

लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असलं पाहिजे, सीटमागे बांधलेलं नव्हे. घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यावरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. त्याला एक शिट्टी बांधा. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, असं म्हणणाऱ्याला कयाकवर घेऊ नका. कमळाच्या देठांत पाय अडकले की पोहणं कामाला येत नाही.

गळाचं सामान कमीच बरं. साडेसहा-सात फुटांची एक मजबूत काठी, ३००० नंबरच्या आसपासचं स्पिनिंग रीळ, आणि ३० ते ४० पौंडांची विणलेली दोरी. पाण्यातल्या झाडोऱ्यात बारीक नायलॉन टिकत नाही. सोबत आमिषाचे दोन-तीन रबरी बेडूक, लांब तोंडाची पक्कड, जॅकेटलाच अडकवलेली छोटी सुरी, हातजाळी, ओलं पोतं, प्यायचं पाणी आणि वॉटरप्रूफ पिशवीत फोन. पायात मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. शिंगाड्याच्या फळाला काटे असतात आणि गाळात ते दिसत नाहीत.

आणखी एक वस्तू दुकानात मिळणार नाही: सात-आठ फुटांची बांबूची काठी, एका टोकाला टोक काढलेली. लोखंडी नांगर खोडांत आणि जाळ्यांत अडकतो. उथळ पाण्यात बांबू गाळात रोवला आणि होडीच्या मागच्या कडीला सुरगाठीनं बांधला की होडी जागची हलत नाही. निघायचं झालं की दोरीचं टोक ओढायचं. बांधायचं ते नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. कयाक मधल्या बाजूला बांधली आणि वारा आला तर ती कलते.

आधी उलटून बघा

हा भाग बहुतेकजण गाळतात. मासे धरायला जायच्या आधी एक दुपार फक्त पडण्यासाठी ठेवा. छातीभर पाणी, तळ वाळूचा किंवा टणक, काठी-गळ काही नाही, अंगावर जॅकेट, आणि काठावर एक माणूस उभा.

मुद्दाम एका बाजूला झुका आणि पडा. होडी उलटी झाली असेल तर तिच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कडा धरा आणि अंगाचं वजन मागे टाकून ती सरळ करा. मग होडीच्या मधोमध या. पाय पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत मारत राहा आणि पोट होडीवर ओढून घ्या. आधी पालथं पडायचं, मग वळून उताणं व्हायचं आणि मग पाय आत घेऊन बसायचं. पाय खाली लोंबकळत ठेवून हातांच्या जोरावर चढायला गेलात तर होडी पुन्हा तुमच्यावर येते. दमेपर्यंत करा. दमल्यावरही जमलं, तरच जमलं म्हणायचं.

त्याच दुपारी वल्हवणं शिकून घ्या. पाठ ताठ, गुडघे थोडे वाकलेले, टाचा टेकणीला. वल्ह्याच्या पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. हातांनी ओढू नका, कमरेतून वळा, नाहीतर अर्ध्या तासात खांदे भरून येतील. वळायचं असेल तर वल्हं होडीपासून लांब, अर्धगोल फिरवायचं. थांबायला उलटं मारायचं. तोलाचा नियम एकच: डोकं होडीच्या मधल्या रेषेवर ठेवा. हात, काठी, मासा, काहीही बाहेर जाऊ द्या, डोकं बाहेर गेलं की तुम्हीही गेलात.

कधी जायचं

जून ते ऑगस्ट नाही. मरळीची वीण या काळात असते आणि पाणी चढतं असतं. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाकडची थंडी चांगलीच बोचते. मरळही तेव्हा सुस्त असते, ऊन पाण्यावर येईपर्यंत बेडकाकडे बघत नाही. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि पुन्हा मध्य फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस चांगले. एप्रिल-मे मध्ये पाणी आटून मासा एकवटतो, पण नऊनंतर उन्हाचा मारा सोसवत नाही आणि दुपारी वळवाचे ढग येतात. गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा. उघड्या पाण्यावर हातात कार्बनची लांब काठी धरून बसलेला माणूस म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रणच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत उतरू नका.

पहाटे निघताना घरी तलावाचं नाव आणि परतायची वेळ सांगून ठेवा. आणि अंधारात पाळीवर जाऊ नका. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात पहाटेच्या पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलंही फिरतात. उजाडेपर्यंत गाडीत बसा, चहा प्या. नीट दिसायला लागलं की दोघं मिळून, बोलत बोलत, होडी खाली उतरवा. पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून मरळ गाव सोडून जात नाही.

उतरायची जागा म्हणजे गुरं पाण्यावर येतात तो उतार. पाळीच्या आतल्या बाजूची दगडी पिचिंग शेवाळानं निसरडी असते, तिथून नको. सांडवा आणि गेट यांच्यापासून लांब राहा. रब्बीला किंवा उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं असलं तर गेटजवळ पाणी वरून शांत दिसतं, पण आतून ओढतं.

कडेकडेनं

उतरल्यावर वारा जिकडून येतो तिकडे तोंड करा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला घरी आणतो. सकाळी सहसा पाणी स्थिर असतं, पण सवय पहिल्या दिवसापासून लावा.

काठापासून एक-दोन काठ्यांचं अंतर ठेवून हळू चला. वल्हं पाण्यात शिरताना आवाज होता कामा नये, आणि वल्हं होडीवर आपटून ठेवणं तर नाहीच. काठावरून गळ टाकणाऱ्याला झाडोऱ्याच्या पलीकडची मोकळी डबकी दिसत नाहीत, आणि डोंगा पानांच्या गर्दीत तितका आत शिरत नाही. कयाकला हातभर पाणी पुरतं, तिचा सगळा फायदा एवढाच आहे.

आता थांबून पाण्याकडे बघा, काठीला हात न लावता. मरळीला वरची हवा घ्यावी लागते. ती थोड्या थोड्या वेळानं वर येते, हलकेच 'पुक्' करून हवा घेते आणि खाली जाते. पानांच्या मधल्या एखाद्या मोकळ्या जागी असं दोनदा दिसलं की तिथं मासा आहे हे नक्की. बांबू त्या जागेपासून आठ-दहा मीटर लांब रोवा, जवळ नको.

रबरी बेडकाचे गळ पाठीला चिकटलेले, वर तोंड केलेले असतात. म्हणून तो पानांवरून अडकत नाही. तो मोकळ्या जागेत टाकायचा नाही, तिच्या पलीकडे पानावर टाकायचा. मग पानावरून सरकवत आणायचा, पाण्यात हलकेच पडू द्यायचा, आणि थांबायचं. जमत नसलं तरी थांबायचं. मग दोन लहान झटके, पुन्हा थांबा. पाणी फाटल्यासारखा आवाज होऊन बेडूक गायब झाला की हात आपोआप वर जातो, आणि नवख्याची मरळ बहुतेक तिथंच सुटते. बेडूक तोंडात नीट जायला क्षणभर लागतो. मनात एक-दोन म्हणा, दोरी ताणली गेल्याचं जाणवलं की मग जोरात काठी मागे घ्या.

यानंतर एक नवल घडतं: होडी हलकी असल्यामुळे माशाला ओढण्याऐवजी तुम्हीच माशाकडे सरकता. मोकळ्या पाण्यात त्याची गंमत वाटते, झाडोऱ्यात तीच उपयोगी पडते. मरळ देठांत घुसली तर दोरी ताणून धरा, बांबू सोडा आणि होडी तिच्यापर्यंत जाऊ द्या. जवळ आल्यावर उभं राहू नका, वाकू नका. काठी एका हातात मागे झुकवा, दुसऱ्या हातानं हातजाळी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा जाळीवर आणा. जाळी माशामागे पळवली की डोकं बाहेर जातं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मरळीला दात आहेत, गळ पकडीनंच काढा.

ठेवायची असेल तर तिथल्या तिथे डोक्यावर फटका देऊन मारा. हवा घेणारा मासा आहे, उघड्यावर तासन्‌तास तडफडतो, आणि संधी मिळाली तर वर बसायच्या कयाकमधून थेट तलावात उडी मारतो. मग ओल्या पोत्यात, सावलीला. घरापुरत्या एक-दोन झाल्या की काठी खाली.

एक गोष्ट मात्र पाळाच. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका खदखदताना दिसतो. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला तर मरळ हमखास तुटून पडते, भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. ती काढून घेतली की दुसरे मासे तासाभरात तो घोळका साफ करतात. घोळका दिसला की होडी वळवा.

बाकीचे मासे

रोहू मधल्या थरात चरतो, कतला वरच्या, मृगळ तळाशी. कणकेत जवसाची किंवा शेंगदाण्याची ढेप मळून गोळी लावली तर तिन्ही येतात, पण ते संस्थेचे आहेत हे वर सांगितलंच. तिलापिया गांडुळाला येतो, हात बसवायला चांगला.

गांडुळालाच शिंगूर आणि वाघूर हे मिशावाले मासेही येतात. शिंगुराच्या गालामागच्या काट्यात विष असतं. तो हातानं धरू नका, पायांमध्ये पडू देऊ नका. पक्कड वापरा, नाहीतर दोरी कापून गळासकट सोडा. काटा लागला तर वेदना कोपरापर्यंत चढतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यानं त्या उतरतात. पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासा, नाहीतर दुखण्याच्या भरात भाजून घ्याल. गाडीत एक थर्मास नुसत्या गरम पाण्याचा ठेवावा तो यासाठी. मग दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते.

जाळी, पक्षी आणि परतणं

पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत दिसले की खाली जाळं आहे. वळसा घाला. तुमचा गळ जाळ्यात अडकला तर ओढून जाळं फाडू नका, आपली दोरी कापा. रबरी बेडूक दुकानात मिळतो, जाळं विणायला दिवस जातात. शिंगाड्याच्या वेलींमधूनही होडी घालू नका, ते पीक आहे. हिवाळ्यात पाहुणी बदकं असलेला कोपरा, आणि गोंदियाकडे सारसाची जोडी दिसली तर ती जागा, लांबूनच बघावी. ते उडाले म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात.

पाण्यावर बारीक सुरकुत्यांच्या लाटा व्हायला लागल्या की काठाकडे वळा, त्यांवर पांढरा फेस यायची वाट बघू नका. साडेनऊ-दहाला मरळही सावलीत जाऊन बसते.

काठावर आल्यावर तळाचं बूच काढून आत शिरलेलं पाणी सोडा. होडीच्या भोकांत, वल्ह्यावर, बांबूवर जलकुंभीचा किंवा इतर वनस्पतीचा तुकडा अडकला असेल तर तो काढून कोरड्या जमिनीवर टाका. जलकुंभीच्या एका तुकड्यावरून दुसरा तलाव भरतो. तुटलेली दोरी आणि प्लॅस्टिक पिशवीत घाला. काकांना कुठं काय लागलं ते सांगा, मासा दाखवा. पुढच्या वेळी परवानगी विचारायला वेगळं जावं लागत नाही.

गाडीवर होडी पालथी बांधा. पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोऱ्यांनी बंपरला, आणि मधले पट्टे होडी हलणार नाही इतकेच आवळा. विदर्भाच्या उन्हात तापलेलं प्लॅस्टिक मऊ पडतं, जास्त आवळलेली होडी घरी पोचेपर्यंत दबते. घरी सावलीत, आडवी, दोन ठिकाणी रुंद आधार देऊन ठेवा, आणि बूच उघडंच राहू द्या.